गुलाबरावांचा अंगठा

गुलाबराव ऑइल सील, म्हणजे यंत्रातले तेल अडवणारे रबरी कडे, विकत घेण्यापूर्वी चावून पाहत. दुकानदाराच्या देखत, सावकाश, दाढेखाली धरून, एखाद्या वैद्याने हिरडा चाखावा तसे. मग ते तोंडातून काढून उजेडाकडे धरत, दाताचा वळ किती वेळात भरून येतो ते पाहत, आणि बहुतेक वेळा काउंटरवर परत ठेवून म्हणत, "हे सायकलीच्या पायडलले लाव. याच्या भरवशावर तेल ठेवलं तर तेलच हासन." कॉटन मार्केटच्या मागच्या गल्लीतल्या त्या दुकानदाराने पुढे पुढे चावलेल्या सिलांचा वेगळा डबाच ठेवला होता. त्यातला माल तो ट्रकवाल्यांना विकत असे. गुलाबरावांची त्यालाही हरकत नव्हती. ट्रकवाले सारखी हवा आणि पाणी पाहतात, तेलाकडे त्यांचे लक्ष कुठे असते, असे त्यांचे मत होते.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मी नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एका रबरी वस्तूंच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून नुकताच लागलो होतो. वय पंचविशीचे, हातात पदवी आणि अंगात पांढरा कोट. हा कोट मी कारखान्याबाहेरही शक्य तितका वेळ घालत असे, हे आज लिहितानाही कानशिले तापतात. रबर ओळखणारा एक मिस्त्री शहरातल्या इंदोरा वस्तीत राहतो असे कळल्यावर मी त्याला पाहायला गेलो, तो शिकायला नव्हे. त्याची गंमत करायला.

इंदोऱ्यात घराला लागून त्यांचे टिनाचे शेड होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली खिळ्यांना टांगलेले पाने, आकाराप्रमाणे ओळीने. सोळा-सतरा वर्षांचे असताना वडिलांबरोबर त्यांनी दीक्षा घेतली होती. "बापाने त्या दिवशी गळ्यातला गंडा तोडला. म्हणे, आता जे खरं दिसन तेच मानायचं. मी तवापासून सीलही चावूनच घेतो," असे ते सांगत. मला तेव्हा हा विनोद वाटला होता.

ते फक्त जुन्या मोटारींचे शॉकअप, म्हणजे खड्ड्यांचे धक्के पचवणारे भाग, बांधत. या जुन्या इंग्लिश गाड्यांचा शॉकअप आजच्यासारखा नळकांड्याचा नसे. तो डब्याएवढा बिडाचा ठोकळा. आत तेल, बाहेर एक दांडा. दांडा ज्या आसावर हलतो त्याच्याभोवती सील. हे सील गेले की तेल गळते, आणि तेल गेले की गाडी एका खड्ड्यातून निघाल्यावर पुढचा फर्लांगभर सगळ्यांना मुजरे करत जाते. गाडी बनवणारी कंपनी बुडून पंधरा-वीस वर्षे झालेली, मापे इंचातली, आणि नागपुरात मिळणारी सिले ट्रक, स्कूटर व शेतातल्या पंपांची. त्यामुळे गुलाबरावांचे निम्मे आयुष्य बांधण्यात गेले आणि निम्मे शोधण्यात. आसाच्या जाडीचे पितळी तुकडे त्यांनी लेथवर कातून घेतले होते. ते खिशात खुळखुळवत ते खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या भंगारात उतरत, जिनिंगच्या कारखान्यांच्या स्टोअरकीपरांशी वाद घालत, आणि दिसेल त्या भोकात तुकडा घालून पाहत.

एकदा मी त्यांच्याबरोबर इतवारीत गेलो. दिवाळीचे दिवस, भांड्यांच्या गल्लीत हातगाड्यांमुळे पाय ठेवायला जागा नाही, आणि गुलाबरावांनी एका भांडेवाल्याकडे पितळी पिचकाऱ्या मागितल्या.

"दिवाळीत पिचकारी?" भांडेवाला म्हणाला. "होळीले या ना, गुलाबराव."

"माही होळी बारा मयने असते. काढ गा, माळ्यावर असन."

त्याने कुरकुरत सहा पिचकाऱ्या काढल्या. गुलाबरावांनी प्रत्येकीचा दट्ट्या ओढून बाहेर काढला, टोकाच्या चामड्याच्या वायसरावर नख फिरवले आणि दोन निवडल्या. एका जमीनदाराच्या गाडीच्या शॉकअपमध्ये ती चामडी बसली आणि पुढे कित्येक वर्षे टिकली. जमीनदार मात्र सर्वांना सांगे की ते सामान विलायतेहून मागवले आहे. गुलाबरावांना हे ठाऊक होते. "सांगू दे बिचाऱ्याले. इतवारी म्हणलं तर गाडीले लाज वाटन," ते म्हणत.

त्यांची आणखी एक रीत होती, तिची मी सर्वाधिक थट्टा केली. पसंत पडलेले प्रत्येक नवे सील ते चिनी मातीच्या बरणीत, शॉकअपच्या तेलात आठ दिवस बुडवून ठेवत. नवव्या दिवशी काढून पुन्हा मोजत. फुगले, मऊ पडले, तर फेकून देत. चाचणी अत्यंत शास्त्रशुद्ध होती. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही हेच करत असू, फक्त काचेच्या भांड्यात आणि इंग्रजीत. पण मी शेडमध्ये शिरताना दर वेळी विचारत असे, "काय गुलाबराव, मुरले का लोणचे?"

"मुरून राहिलं, केमिस्टबाबू," ते म्हणत. "माणूस आठ दिवसांत ओळखू येत नाई. रब्बर येते."

सील बसवताना मात्र ते कोणतेही अवजार वापरत नसत. बोटावर तेल घेत आणि उजव्या अंगठ्याने सील गोल गोल दाबत, डोळे मिटून. सिलाची आतली कड, जिला ते ओठ म्हणत, ती अतिशय नाजूक असते. स्क्रू ड्रायव्हरचे टोक लागले तरी कापली जाते, आणि कापलेल्या ओठातून तेल गळायला दोन दिवसही लागत नाहीत. गुलाबरावांच्या अंगठ्याखाली एकही ओठ कापला गेला नव्हता. याचा त्यांना असह्य गर्व होता. चहाचा कप धरतानाही तो अंगठा जरा वेगळा ठेवत, घरात पाहुणा आल्यासारखा.

नागपुरातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांची त्या काळी एक मंडळी होती. वकील, डॉक्टर, दोन निवृत्त अधिकारी, आणि सर्वांच्या वर सिव्हिल लाइन्समधले एक बॅरिस्टरसाहेब. ही मंडळी महिन्यातून एकदा जमून एकमेकांच्या गाड्यांची स्तुती करत आणि घरी जाताना टॅक्सीने जात, कारण गाड्या बहुधा चालू होत नसत. शॉकअप बिघडले की ते पेटीत घालून रेल्वेने मुंबईला पाठवत. मुंबईहून ते तीन महिन्यांनी परत येत. चौथ्या महिन्यात गळत. गळके असले तरी मुंबईचे गळके, ही गोष्ट मंडळीला समाधान देणारी होती.

बॅरिस्टरसाहेबांशी गुलाबरावांची गाठ मी घालून दिली, आणि हे उपकार मी कधी विसरू दिले नाहीत. त्यांच्या बंगल्यावर आम्ही दोघे गेलो की मला चहा व्हरांड्यात मिळे, गुलाबरावांना गॅरेजमध्ये. हे मी दर वेळी पाहिले आणि दर वेळी व्हरांड्यातला चहा प्यालो. चहा चांगला असे.

मंडळीने गाड्यांची रामटेकपर्यंत फेरी काढायचे ठरवले. बॅरिस्टरसाहेब म्हणाले, "गुलाबराव, माझी गाडी न गळता रामटेकला जाऊन आली, तर आमच्या सगळ्या गाड्या तुमच्याकडे. मुंबई बंद." त्या दिवशी परतताना गुलाबराव सायकल हातात धरून चालत होते, चढून बसायचे भान त्यांना नव्हते. "मुंबईचा मिस्त्री का दुसऱ्या हाडामासाचा असते?" ते मला विचारत होते. "त्याइले कळलं पाहिजे बावा, का नागपुरात होते म्हणून." दहा-बारा गाड्यांचा प्रश्न होता, पण त्यांना गाड्या दिसत नव्हत्या. आपण बांधलेले काम आपल्या शहराने आपले म्हणून ओळखावे, एवढे एकच त्यांना दिसत होते.

आणि नेमके त्या गाडीचे सील मिळेना. इतवारी झाली, खापरखेडा झाले, भंगार झाले. पितळी तुकडा खिशात झिजला. फेरी सहा दिवसांवर आली तेव्हा मी पांढऱ्या कोटाच्या खिशात हात घालून म्हणालो, "चार सिले ना? मी करून देतो कारखान्यात."

साचा आमच्या टर्नरने करून दिला. तेलात टिकणारे रबर निराळे असते. ते हवे असते तर मला पर्यवेक्षकांकडे अर्ज करावा लागला असता, आणि ते खासगी काम म्हणून हसले असते. त्या दिवशी प्रेसवर साधे रबर चालू होते, ज्याचे आम्ही पायपुसणी आणि गरम पाण्याच्या पिशव्या करत असू. ते तेलात फुगते हे मला पहिल्या वर्षाच्या पुस्तकापासून ठाऊक होते. पण दिसायला ते तसेच काळे, तसेच गुळगुळीत. एका फेरीपुरते टिकेल, असे मी मनाशी म्हणालो, आणि साच्यातून चार सिले काढली. वर टाइपरायटरवर एक कागदही केला: तेलरोधक, परीक्षित. खाली सही.

गुलाबरावांनी सील हातात घेतले आणि सवयीने तोंडाकडे नेले. मग माझ्याकडे पाहून थांबले. कागद दोनदा वाचला. नंतर बरणी पुढे ओढली.

"आठ दिवस कुठे आहेत आता?" मी म्हणालो. "आणि प्रयोगशाळेचा कागद असताना लोणचे कशाला?"

"तेही खरं आहे," ते म्हणाले. "शिकल्या माणसाच्या कागदाले चावून पाहनं बरं नाई." त्यांनी बरणी जागेवर ठेवली. त्यांच्या आयुष्यात त्यांनी न तपासता घेतलेली ती पहिलीच वस्तू असावी.

रामटेकच्या पायथ्याशी गाड्या ओळीने लागल्या. गावातले लोक जमले होते, बायकांनी गाड्यांना हळदकुंकू वाहिले होते. गुलाबराव मागच्या टेंपोतून आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्यांना ती गाडी उभी राहिलेली पाहायची होती. गाडी उभी होती आणि तिच्या चारही चाकांशी तेलाचे एकेक काळे तळे साचत होते.

"गुलाबराव," बॅरिस्टरसाहेब सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "तुमच्याकडे मोटार दिली होती, तेलघाणा नव्हे."

मंडळी हसली. साहेब माझ्याकडे वळले. "काय हो केमिस्ट, सीलच खराब निघाले की काय?"

उत्तर द्यायला मला फार वेळ लागला नाही. इतकी वर्षे मी स्वतःला सांगत आलो की मी गोंधळलो होतो. मी गोंधळलो नव्हतो. मी अगदी हळू, सुसंस्कृत आवाजात म्हणालो, "सील उत्तम आहे. बसवताना कधी कधी ओठ कापला जातो."

गुलाबरावांनी उजवा हात वर केला आणि अंगठा पाहिला, पुढून आणि मागून. मग ते खाली बसले आणि इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने चाकावरचे तेल पुसू लागले.

गाडीचे शॉकअप साहेबांनी उतरवून घेऊन मुंबईला पाठवून दिले, त्यामुळे फुगलेले सील गुलाबरावांच्या हाती कधी आले नाही. त्यांनी मोटारींचे काम सोडले. हातपंप आणि स्टोव्ह दुरुस्त करू लागले. मी जाणे कमी केले, नंतर बंद केले. दरम्यान मला बढती मिळाली. गुणवत्ता नियंत्रण विभाग माझ्याकडे आला. परमेश्वराची विनोदबुद्धी आपल्यापेक्षा तीक्ष्ण आहे, एवढेच त्यावर म्हणता येईल.

सहाएक वर्षांनी गुलाबरावांच्या पत्नी, कमळाबाई, मला गांधीबागेत भेटल्या. त्यांनी मला बाजूला घेतले.

"भाऊ, तुमी शिकलेले आहात. याइले जरा डॉक्टरकडं जा म्हना. यायचा हात गेला."

"काय झाले हाताला?"

"अंगठा धरत नाई म्हनते. रामटेकपासून. मले तं काही दिसत नाई. रोज राईचं तेल चोळून देतो मी. तुमचं ऐकतीन ते."

त्या तेथे पिशवी घेऊन उभ्या होत्या आणि माझ्या होकाराची वाट पाहत होत्या. त्या अंगठ्याला काही झालेले नाही, हे जगात एकाच माणसाला माहीत होते आणि तो समोर उभा राहून सहानुभूतीने मान हलवत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी इंदोऱ्याला गेलो.

गुलाबराव स्टोव्हचा पंप घेऊन बसले होते. "या केमिस्टबाबू, लय दिवसांनी," म्हणाले. मी उभ्या उभ्याच सगळे सांगितले. साधे रबर, प्रेस, कागद, रामटेक.

त्यांनी पंप खाली ठेवला. "पुन्हा सांग."

इतक्या वर्षांत त्यांनी मला प्रथमच एकेरी संबोधले. मी पुन्हा सांगितले.

"तुले मालूम होतं?"

"होते. साच्यातून काढले तेव्हापासून."

"सहा वर्षं," ते म्हणाले, "मी सकाळी उठून सुईत दोरा घालून पाहून राहिलो. हिले न सांगता. जात होता गा दोरा. मंग मले वाटे, दोरा जाते, सील नाई जात." मग म्हणाले, "आता काहून सांगून राहिला? तुह्या पोटात दुखून राहिलं म्हणून?"

"हो."

"तं तुह्या पोटाचं झालं. माह्या अंगठ्याचं काय?"

मी म्हणालो, मी लिहून देतो.

"तुहा कागद पाह्यला मी एक वेळ." त्यांच्या आवाजात पहिल्यांदा धार आली. "जाय बॅरिस्टरकडं. ज्याच्यापुढं बोलला, त्याच्याचपुढं सांग."

बॅरिस्टरसाहेब थकले होते. वेताच्या खुर्चीत शालीसह बसले होते. मी उभा राहून कबुली दिली, जशी पाठ करून नेली होती तशी. त्यांनी अतिशय सौजन्याने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "कोण गुलाबराव?"

मी गाडीची आठवण दिली. ती त्यांनी इंदूरच्या कोणाला तरी विकली होती. रामटेकची फेरी त्यांना आठवत होती, डबा फार रुचकर होता. तेल गळल्याचे आठवत नव्हते. "गाड्या गळतातच हो," ते म्हणाले. "तुम्ही मंडळी फार मनाला लावून घेता."

परत येताना स्कूटरवर मी बॅरिस्टरसाहेबांच्या तोंडी एक सुंदर भाषण रचले. त्यात खेद होता, क्षमायाचना होती, गुलाबरावांच्या कौशल्याचा गौरव होता. सीताबर्डी ओलांडेपर्यंत ते जवळजवळ खरे वाटू लागले होते. असल्या कागदावर सही करण्याचा मला सराव होता. पण शेडपाशी पोहोचलो तेव्हा गुलाबराव दारातच उभे होते, आणि मी म्हणालो, "तुम्ही त्यांना आठवत नाही. ते म्हणाले, कोण गुलाबराव."

त्यांचा चेहरा क्षणभर अगदी रिकामा झाला. मग ते हसू लागले. आधी नाकातून, मग पोट धरून.

"ऐकलं का वं?" त्यांनी आत हाक दिली. "ज्याच्या घरावरून मी सहा वर्षं सायकल नेली नाई, लाजेनं धरमपेठेकून फिरून गेलो, त्याले मी मालूमच नाई."

कमळाबाई दारात आल्या. त्यांना सगळे कळले होते. त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आन् मी दुखणं नसलेल्या बोटाले सहा वर्षं तेल चोळलं. ते कोनाले सांगू?"



पुढच्याच आठवड्यात गुलाबराव खापरखेड्याला गेले. तेथल्या वसाहतीत एका इंजिनिअरकडे एक जुनी गाडी कोंबड्यांसाठी राखीव होती. तिचे चारही शॉकअप त्यांनी स्वतःहून मागून आणले. सिले शोधायला दीड महिना लागला. रविवारी मी जाई, बिडाचे ठोकळे रॉकेलने धूत बसे. माझ्या कारखान्याचे नाव काढायला मला बंदी होती. सील बसवायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला बाहेर जायला सांगितले. काही वेळाने आत बोलावले. चार शॉकअप फळीवर वर्तमानपत्रावर ठेवले होते, आणि वर्तमानपत्र कोरडे होते. चौथ्या दिवशीही कोरडे होते. त्या दिवशी गुलाबरावांनी दोनदा चहा मागवला.

मंडळीच्या गाड्या त्यांच्याकडे कधी आल्या नाहीत. त्या मुंबईलाच जात राहिल्या आणि यथावकाश भंगारात गेल्या. पण वर्ध्याहून, भंडाऱ्याहून, कुठून कुठून लोक ठोकळे घेऊन येत, आणि विचारले तर स्पष्ट सांगत की हे काम इंदोऱ्याच्या गुलाबरावांचे आहे. मीही दर रविवारी जात राहिलो. ते मला राबवून घेत आणि आलेल्या गिऱ्हाइकाला माझी ओळख करून देत: "हे मोठे केमिस्ट आहेत. यायचं ऐकू नोका."

शेवटच्या आजारात ते बाजेवर पडून होते तेव्हा मी एकदा धीर करून विचारले. इतक्या रविवारी ओठांवर येऊन परत गेलेला तो प्रश्न होता. म्हटले, "गुलाबराव, मला माफ केलेत का?"

त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले, चावून पाहावे तसे.

"केलं म्हणलं," ते म्हणाले, "तं तू उद्यापासून येनं बंद करशीन. बस तसाच."

मी बसलो. आणखी तीन रविवार बसलो. त्यांनी ते शेवटपर्यंत म्हटले नाही.